पाच निळ्या गाड्यांचा भाव

लग्नकार्यात कुणी "आपण काय करता?" असं विचारलं की मी पूर्वी ऐटीत "वापरलेल्या वाहनांचं मूल्यमापन" असं सांगायचो. समोरचा गंभीरपणे मान हलवायचा आणि शेजारच्या खुर्चीवरच्याला सांगायचा, "गाड्यांचे दलाल आहेत." आमच्या सासूबाईंनी सव्वीस वर्षांत याहून सोपं वाक्य शोधलं आहे: "जावई गाड्या बघतात." रिकामा माणूस चौकात उभा राहून बघतो, तसं काहीतरी. मंगलचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मत त्याहून वाईट. "जगाच्या गाड्यांचा भाव करतात, आणि आपला फ्रीज भंगारवाल्यानं त्याच्या भावात नेला," हे ती चारचौघांत सांगते. ते खरं आहे. कॉम्प्रेसर नवा आहे हे मी त्याला पटवत होतो, तोवर त्यानं फ्रीज हातगाडीवर चढवलाही होता.

एकोणीस वर्षं मी विम्याच्या कामासाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या. मग विजेवरच्या गाड्या आल्या, आणि त्यातल्या वेगवान, परदेशी, एका फ्लॅटच्या किमतीच्या गाड्या आमच्या छत्रपती संभाजीनगरातही दिसू लागल्या. पुण्याची माणसं हसतात, "तुमच्याकडं कोण घेतं?" घेतात. कुणाची जमीन एमआयडीसीत गेलेली असते, कुणाचा कारखाना असतो, कुणाचं हॉस्पिटल. घेतात, दोन-तीन वर्षं मिरवतात आणि मग विकायला काढतात. तिथं मला बोलावतात.

पेट्रोलची गाडी बोलकी असते. धूर, आवाज, तेलाचा रंग, कुठूनतरी तिचं दुखणं बाहेर येतंच. विजेची गाडी मुकी. इंजिन नाही, त्यामुळे चांगली आणि मरायला टेकलेली दोन्ही सारख्याच गुपचूप चालतात. तिचा जीव सगळा बॅटरीत, आणि बॅटरी बसवलेली असते तळाला. म्हणून मी पहिल्यांदा गाडीखाली आडवा होतो. आपल्याकडचे गतिरोधक कुणाच्या मनाला येईल तेवढे उंच असतात, त्यांनी तळाला ओरखडे पाडलेत का ते टॉर्चनं बघतो. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस गाडीखालून बाहेर येताना कसा दिसतो हे मला माहीत नाही. पण मालकाची लहान मुलं फार खूश होतात.

मग मागचे टायर. गाडी वजनदार, त्यात मालकाला सिग्नलवरून उडी मारायची हौस. टायर सगळं सांगून टाकतात. मग चार्जिंग. घरी रात्रभर हळूहळू केलेलं चार्जिंग बॅटरीला मानवतं. हायवेवरच्या जलद चार्जरवर रोज भरलेली आणि आमच्या मे महिन्याच्या उन्हात पूर्ण भरून उभी ठेवलेली बॅटरी लवकर थकते. शेवटी यंत्र लावून तिची तब्येत टक्क्यांत बघायची, आणि यंत्रावरही विश्वास न ठेवता गाडी पूर्ण भरून सकाळी फुलंब्रीवरून सिल्लोडपर्यंत जाऊन यायचं. किती वीज खाल्ली ते मोजायचं. पहिल्यांदा अशा गाडीचं पॅडल जोरात दाबलं तेव्हा माझ्या खिशातला चष्मा मागच्या सीटवर सापडला होता. आता मी चष्म्याला दोरी लावली आहे.

राहिली दुर्मिळता. मालक छाती काढून सांगतो, "साहेब, अशी गाडी अख्ख्या मराठवाड्यात नाही." मी विचारतो, "का नाही?" एखादी वस्तू सगळ्यांना हवी असून मिळत नाही, ती दुर्मिळ. आणि एखादी कुणालाच नको म्हणून दिसत नाही, तीही दुर्मिळच. दोघींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एवढं कळायला मला वीस वर्षं लागली, आणि एवढं कळूनही मी जे केलं ते आता सांगतो.

आमच्याकडे एक पद्धत आहे. मोठी वस्तू एकट्यानं घ्यायची नाही, मित्रांनी मिळून घ्यायची. शोरूमवाला सूट देतो. पाच मित्रांनी अशा पाच गाड्या घेतल्या. एकच मॉडेल, एकच निळा रंग, एकच दिवस. हार घालून पाचही गाड्या क्रांती चौकातून ओळीनं गेल्या, आणि ट्रॅफिक हवालदारानंही मोबाईल काढला. देशात ती गाडी दुर्मिळ होती. पण एकट्या आमच्या गावात पाच! म्हणजे विकायची वेळ आली की गिऱ्हाईक पाचांपैकी सगळ्यात स्वस्त देणाऱ्याकडं जाणार. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी आपसात ठरवलं: कुणी एकट्यानं पडत्या भावात विकायची नाही. पाच गाड्या, एक भाव.

या पाचांतले दोघंच आपल्या कामाचे. एक गणेशराव, गंगापूरकडचे. ऊस, हॉटेल, मंगल कार्यालय, आणि दर रविवारी पहाटे समृद्धी महामार्गावर गाडी पळवायचा नेम. दुसरे अन्वरभाई. फरशीचे व्यापारी, साठीचे, मूळचे फुलंब्रीचे. त्यांनी ही गाडी का घेतली हे मला कधी कळलं नाही. चाळीसच्या वर त्यांनी ती नेली नसावी. "मित्र म्हणाले, अन्वर, तू मागं राहू नको," एवढंच ते सांगत.

दोन वर्षांनी त्यांचा भागीदार वेगळा झाला, गोदाम गेलं, धंदा बसला. आणि त्याच सुमाराला घरात कळलं की नातीला, सनाला, ऐकू येत नाही. अडीच वर्षांची पोर. आधी सगळे म्हणत होते, उशिरा बोलेल. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही कानांत यंत्रं बसवावी लागतील, ऑपरेशन करून. आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं. तीन वर्षांच्या आत झालं तर पोर इतरांसारखी बोलेल. नंतर मेंदू ऐकायला शिकण्याचं वय निघून जायला लागतं. ऑपरेशन, दोन यंत्रं, पुढची शिकवणी. सरकारी योजनेत बसावं तर मागच्या चांगल्या वर्षांचे कागद आडवे येत होते. विकण्यासारखं एकच राहिलं होतं.

अन्वरभाईंनी मला बोलावलं. मी गाडीखाली आडवा झालो तेव्हा सना माझ्या पायाशी उभी होती. बाहेर आलो तर तिनं गाडीच्या बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवले होते. अन्वरभाई म्हणाले, "रिक्षा आली की असाच हात ठेवते, भाऊ. तिला ती थरथर लई आवडते. ह्या गाडीला काय थरथर नाय. बघा, हात ठेवून कंटाळते बिचारी." खरंच, थोड्या वेळानं तिनं हात काढले आणि माझ्या स्कूटरकडे गेली.

गाडी मात्र सुरेख होती. बॅटरी ब्याण्णव टक्के, तळ आरशासारखा, टायर जवळजवळ नवे. अशी गाडी मी त्या वर्षात दुसरी पाहिली नव्हती. मी चार पानांचा अहवाल केला. पहिल्या पानावर मालकाचं नाव आणि चासी नंबर, दुसऱ्यावर बॅटरीचा आलेख, तिसऱ्यावर बाहेरची अवस्था, चौथ्यावर भाव, माझी सही आणि फोन नंबर. भाव लिहिला अठ्ठावीस लाख. सही करताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

अन्वरभाई सरळ माणूस. मित्रांत ठरलं होतं म्हणून त्यांनी तो अहवाल पाचांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पंधरा दिवसांनी जालन्याचा एक डीलर आला, बावीस लाख रोख म्हणाला. ग्रुपवर लगेच गणेशरावांचा निरोप, "अन्वरभाई, अठ्ठावीसच्या खाली द्यायची नाय. तुमच्यापायी आमच्या गाड्या मातीत जातील." अन्वरभाईंनी मला विचारलं, "काय करू, भाऊ? डॉक्टर म्हनतेत उशीर नको. बावीसमधी माझं काम व्हतं."

मी म्हणालो, "दोन दिवस द्या, विचार करून सांगतो."

त्याच दोन दिवसांत मंगलच्या मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. पंगतीची पद्धत गेली, आता बुफे. माझ्या एका हातात ताट, ताटात जिलबी मठ्ठ्यात पडण्याच्या बेतात, आणि फोन वाजला. यवतमाळचा कुणी ठेकेदार.

"संभाजीनगरची निळी गाडी. बॅटरी ब्याण्णव टक्के. चौथ्या पानावर सही आहे, ती तुमचीच ना?"

"हो, माझीच," मी म्हणालो.

"गाडी खरंच तशी आहे ना?"

"डोळे झाकून घ्या," मी म्हणालो. वर म्हणालो, "तशी दुसरी मिळायची नाही."

त्यानं आभार मानले. मी जिलबी वाचवली. चासी नंबर विचारायचा मला सुचलंही नाही, कारण ब्याण्णव टक्क्यांची निळी गाडी माझ्या मते जगात एकच होती. तिथूनच मी अन्वरभाईंना फोन लावला. "जालन्याला नाही म्हणा. यवतमाळचं पक्कं गिऱ्हाईक येतंय, अहवाल तपासून घेतलाय त्यानं." अन्वरभाईंनी जालन्याला नाही म्हटलं.

मग ते वाट बघत राहिले. चार दिवस, आठ दिवस. मला रोज फोन. "भाऊ, यवतमाळचे साहेब कवा येणार?" मी म्हणायचो, "येईल, मोठी रक्कम आहे, जुळवाजुळव करत असेल." दहाव्या दिवशी कळलं की पाचातली एक गाडी विकली गेली. गणेशरावांची. सव्वीस लाखाला. यवतमाळला.

गणेशरावांनी माझ्या अहवालाचं पहिलं पान ठेवून दिलं होतं आणि उरलेल्या तीन पानांचे फोटो पुढं पाठवले होते. त्या तीन पानांवर कुठंही चासी नंबर नव्हता. गाडी निळी, मॉडेल तेच, साल तेच. मी त्यांच्या मंगल कार्यालयात गेलो. ते खुर्च्या मोजून घेत होते.

"गणेशराव, ही चोरी आहे."

"चोरी कशाची, भाऊ?" ते शांतपणे म्हणाले. "पाची गाड्या एका दिवशी घेतल्या. त्याची ब्याण्णव, तर माझी काय बावन्न असंल का?"

"तुम्ही दर रविवारी ती मारली. जलद चार्जरवर भरली. आणि एक भावाची शपथ तुम्हीच घालत होतात ना?"

"अठ्ठावीस तर कुणाला भेटलेच नाय. अन् तुम्हाला फोन आला व्हता ना? तुम्हीच व्हय म्हणलात. मी कुठं म्हणलो?"

त्यांनी खुर्च्या परत पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

मी जालन्याच्या डीलरला फोन केला, पण त्यानं त्या पैशात दुसरी गाडी घेतली होती. आणि महिनाभरात यवतमाळचं गिऱ्हाईक चिडलं. उन्हाळ्यात गाडी नागपूरलाही पोहोचेना. त्यानं गाडीशेजारी उभं राहून व्हिडिओ काढला. "संभाजीनगरच्या या निळ्या गाड्यांच्या नादी लागू नका. पाच आहेत, पाचही सारख्याच. आणि तिथल्या तपासनिसाच्या अहवालावर तर मुळीच जाऊ नका." माझं नाव त्यानं घेतलं नाही. नाव न घेताही ज्यांना कळायला हवं त्यांना कळतं, पण खात्री कुणाला नव्हती.

आता खरं सांगायचं ते हे. त्या वेळी माझ्या हातात एक गोष्ट होती. मी उघडपणे लिहू शकलो असतो की तो अहवाल माझा आहे, पण त्या गाडीचा नाही. ब्याण्णव टक्क्यांची गाडी अजून अन्वरभाईंच्या दारात आहे. नंबर न विचारता हो म्हटलं ती माझी चूक. गाड्या घेणारे-विकणारे सगळे एकमेकांना ओळखतात, आठवड्यात बातमी पोचली असती. अन्वरभाईंच्या गाडीवरचा डाग गेला असता. माझ्यावर आला असता. माझ्या मुलीची इंजिनिअरिंगची दोन वर्षं राहिली होती, कामं नुकती वाढली होती, आणि या धंद्यात माणसाकडं शब्दाशिवाय दुसरं भांडवल नसतं. मी यवतमाळच्या माणसाला एकट्याला फोन करून खुलासा केला, त्याची फोनवर माफी मागितली, आणि गप्प बसलो. त्याचं आणि गणेशरावांचं पुढं काहीतरी मिटलं. व्हिडिओ मात्र फिरत राहिला.

अन्वरभाईंना मी सांगितलं, "गणेशरावांनी फसवलं." हे अर्धं होतं. उरलेलं अर्धं माझ्याकडं राहिलं.

पुढं चौदा महिने गाडी तशीच उभी होती. लोक यायचे, निळा रंग बघायचे, "त्या पाचातलीच ना?" म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. मी नवा अहवाल करून दिला; माझ्याच सहीनं तो आणखी निरुपयोगी झाला. दरम्यान कंपनीनं नवं मॉडेल आणलं, जुन्याचा भाव आणखी खाली आला. उभ्या गाडीची बॅटरीही हळूहळू उतरते. अन्वरभाई पंधरा दिवसांनी ती जरा भरून ठेवायचे, मी सांगितलं होतं तेवढीच, काटेकोर. सना साडेतीनची झाली. मग चारला टेकली. मला बघितलं की ती माझ्या स्कूटरला हात लावायची. ती सुरू करून द्यावी म्हणून माझा शर्ट ओढायची. मी सुरू करून द्यायचो. तेवढंच माझ्याकडून व्हायचं.

शेवटी गाडी अकरा लाखाला गेली. अकरात एकच कान झाला.

ऑपरेशन नीट झालं. काही आठवड्यांनी यंत्र चालू केलं त्या दिवशी सना पहिला आवाज ऐकून घाबरून रडली, आणि घरचे सगळे आनंदानं रडले. मंगलनं पेढे पाठवले होते, ते मी नेऊन दिले आणि लगेच निघालो. मग शिकवणी सुरू झाली. तिथल्या टीचर चांगल्या आहेत, खोटी आशा दाखवत नाहीत. "प्रयत्न करू," म्हणतात. "थोडं लवकर आली असती तर सोपं गेलं असतं."

मागच्या महिन्यात मी त्या शिकवणीच्या ठिकाणी गेलो. बाहेर बाकावर अन्वरभाई एकटेच होते. मी शेजारी बसलो आणि उरलेलं अर्धं सांगून टाकलं. फोन मला आला होता. मी नंबर विचारला नाही. हो म्हणालो. तुम्हाला जालन्याला नाही म्हणायला लावलं. आणि नंतर तोंड उघडलं असतं तर गाडी गेली असती, पण माझं नाव जाईल म्हणून उघडलं नाही.

अन्वरभाई समोरच्या भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडं बघत राहिले. मग म्हणाले, "फोन आला तवा कुठं व्हता तुम्ही?"

"साखरपुड्यात. जेवत होतो. हातात ताट होतं."

"हां." त्यांनी चित्रावरची नजर माझ्याकडं वळवली. "जेवण चांगलं व्हतं का, भाऊ?"

ते चिडून विचारलं नव्हतं. टोमणाही नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. एखाद्याला खरंच माहीत करून घ्यायचं असावं की त्या वेळी नक्की काय चाललं होतं, तसं त्यांनी विचारलं.

"चांगलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात टीचरनी दार उघडून बोलावलं, "आजोबा, या, आज बघा हिचं." अन्वरभाई उठले. दारात थांबून मागं वळले. "तुम्ही पन या," म्हणाले. "इथवर आलात तर."

आत सना छोट्या टेबलाशी बसली होती. समोर प्लॅस्टिकचा डबा, हातात लाल मणी, मणी कानाशी धरलेला. टीचरनी समजावलं: मी तोंडापुढं कागद धरून हाक मारणार, ओठ तिला दिसणार नाहीत. ऐकू आलं की ती मणी डब्यात टाकते.

टीचरनी कागद धरला आणि म्हणाल्या, "सना."

सना कागदाकडं बघत राहिली.

"सना," टीचर पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं. मणी तिच्या कानाशीच होता. तिनं आजोबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आमच्या चेहऱ्यांवर काही सापडतंय का म्हणून. टीचर आम्हाला हळूच म्हणाल्या, "तुम्ही चेहरा हलवू नका. ती चेहऱ्यावरून ओळखते."

मग आम्ही दोघंही दगडासारखे बसून राहिलो, आणि टीचरनी तिसऱ्यांदा कागद उचलला.